सुनकीला चालतं करण्याचे तोटे

"मॅडम, तिले खुर्चीवर बसाडा ना. फोटो चांगला येई."

क्लबचे अध्यक्ष मघापासून माझ्या मागे लागले होते. खुर्ची म्हणजे नवी कोरी व्हीलचेअर, हँडलला लाल रिबन बांधलेली. 'ती' म्हणजे सुनकी, माझी पेशंट. वॉकर धरून घामाघूम उभी होती.

"साहेब, ती स्टेजपर्यंत चालत येणार आहे. त्यासाठीच उभी आहे."

"चालू द्या ना, कोण नाही म्हणस? पण आमी व्हीलचेअर दी ऱ्हायनूत आन् लाभार्थी चाली ऱ्हायनी, असा फोटो पेपरमा कसा दिखी?"

मुद्दा बिनतोड होता. 

मी फिजिओथेरपिस्ट. शहाद्यात माझं क्लिनिक आहे. रविवारी सकाळी जवळच्या दिव्यांग मुलांच्या निवासी शाळेच्या वसतिगृहात फुकट जाते. सुनकी तिथे नववीत शिकते. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे जन्मताना मेंदूला इजा झाली आणि पायांना नीट हुकूम मिळेनासे झाले. बुद्धी शाबूत, उलट आमच्यापेक्षा जरा जास्तच. बोलणं मात्र सावकाश. स्नायू सतत ताठ. दमली की पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. आम्ही त्याला सिझरिंग म्हणतो. दोन वर्षं मी आणि ती त्या कात्रीशी भांडत होतो.

आणि आता तिच्या वडिलांचा निरोप आला होता. रायसिंगदादा वर धडगावकडच्या एका पाड्यातले, दिवाळीनंतर सगळं घर घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जाणारे. निरोप असा, की उभी न राहणारी पोरगी शिकून काय करणार, यंदा तिला घरी घेऊन जातो. सुनकीला दहावी करायची होती. तिने रडारड केली नाही. मला म्हणाली, "मॅडम, बा येईल तेव्हा मी चालून दाखवते." बेत झकास होता. क्लबच्या व्हीलचेअर-वाटपाच्या कार्यक्रमाला दादांना बोलावलं, ते डोक्याला फेटा गुंडाळून मागच्या रांगेत येऊन बसले.

पण आपल्याकडे कार्यक्रम म्हणजे सत्कार. एकाला शाल दिली आणि दुसरा राहिला, तर गावात वर्षभर अबोला. म्हणून अध्यक्षांना शाल, उपाध्यक्षांना शाल, मंडपवाल्याला शाल, मंडपवाल्याच्या मेव्हण्याला शाल. मग "निःस्वार्थ सेवेबद्दल" मला. स्टेजवरून मी सुनकीकडे बघत होते. पाय कात्री धरायला लागले होते. आणि जिच्यासाठी सेवा, ती उन्हात उभी राहून माझ्यासाठी टाळ्या वाजवायला गेली नि वॉकरवरचा हात सुटून लटपटली!

झालं. कॉलेजचे दोन स्वयंसेवक धावले. फार गुणी मुलं. न विचारता त्यांनी तिला अलगद उचललं, व्हीलचेअरमध्ये बसवलं, ढकलत स्टेजसमोर आणलं. कॅमेरे कडाकड वाजले. अध्यक्ष खूश. मागच्या रांगेत दादांनी मान हलवली. पोरगी बसूनच आहे, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

माझं डोकं फिरलं. अंगावरची शाल फेकून मी खाली उतरले. पण माझ्याआधी सुनकीच ओरडली, "मला खाली उतरवा!"

तोवर जेवणाची घोषणा झाली आणि मंडप बघता बघता रिकामा झाला. भाकरी-भाजी आणि जिलेबी म्हटल्यावर कोण थांबतंय? उरलो आम्ही चौघं. मी, सुनकी, दादा आणि वसतिगृहाच्या वॉर्डन सुशीलाबेन. सुनकीने वॉकर धरला. टाच टेकव, गुडघा पुढे, दम घे. खुर्च्यांच्या रांगेमधून ती थेट बापासमोर जाऊन उभी राहिली.

दादा कितीतरी वेळ तिच्या पायांकडे बघत राहिले. मग फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. मी मनात म्हटलं, जिंकलो बाई!

"मॅडम, तुम्ही लई मोठं काम केलं," दादा म्हणाले. "आता बरं झालं. सुनेला बाळ झालंय. आम्ही उसाच्या फडात गेलो की कोपीवर, त्या पाचटाच्या झोपडीत, पोराजवळ कोणी नसतं. आता ही चालते. घेऊन जातो."

 चालत नव्हती, तर शाळेचा उपयोग नाही म्हणून घरी. चालायला लागली, तर उपयोगाची झाली म्हणून घरी! आणि मधली दोन वर्षं मी रविवारची झोप मोडून हे पुण्य कमावलं होतं. दादांचंही खोटं नव्हतं. बाळ खरंच एकटं पडत असणार.

सुनकी मात्र शांत होती. एकेक शब्द जुळवत म्हणाली, "बा, आधी तू मला खांद्यावर न्यायचा. नेशील तिथे मी जायची. आता माझे पाय आहेत. दहावी झाल्याशिवाय मी येत नाही."

एवढं बोलून तिने वॉकर वळवला आणि वर्गाकडे निघाली. दादांनी मनात आणलं असतं तर दोन ढांगांत तिला गाठलं असतं. ते उठलेही. पण पुढे गेले नाहीत. तिच्या मागे, तिच्याच चालीने, थांबत थांबत वर्गाच्या दारापर्यंत गेले. परत आले तेव्हा तोंड जरा कसनुसं होतं.

"लई हळू चालते," ते सुशीलाबेनना म्हणाले. "तोडीवर नाही जमणार तिला. राहू द्या इथंच."

"मी पण तेच म्हणत होते, दादा," सुशीलाबेन म्हणाल्या. त्या काहीच म्हणत नव्हत्या.

पुढच्या रविवारी मी गेले, मॅट अंथरली, हाक मारली. सुनकी दारात आली. "मॅडम, आज व्यायाम नको. गणित आहे," म्हणाली आणि पाठ फिरवून चालू लागली. मी दारात बघत उभी. राग आला, हसूही आलं. आमच्या पुस्तकात पेशंटला स्वतःच्या पायावर चालायला शिकवा, एवढंच लिहिलंय. शिकला की तो आपल्यालाही सोडून जातो, हे आपलं आपण समजून घ्यायचं.