उतारावरचे नऊशे मीटर

"काका, उजव्या पायाचा आकडा ०.९८ आणि डाव्याचा ०.६४," डॉक्टर म्हणाल्या. मी विचारलं, दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत खात्री असते का? त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "नसते. पण पहिल्या स्थळाबद्दल खात्री आहे आणि तेवढी पुरेशी आहे."

हा आकडा म्हणजे अँकल ब्रेकियल इंडेक्स. घोट्यापाशी रक्तदाब मोजतात, दंडावर मोजतात आणि पहिल्याला दुसऱ्याने भागतात. उत्तर साधारण एकच्या आसपास यायला हवं. डाव्या घोट्यापर्यंत माझं रक्त पुरेशा जोराने पोचत नव्हतं. नंतर डॉपलर केली. ती सोनोग्राफीसारखीच तपासणी असते, फक्त तिच्यात रक्ताचा वाहता आवाज ऐकू येतो. उजव्या मांडीत तो सपासप येत होता. डाव्या मांडीत एका जागी बारीक झाला आणि पुढे नुसती कुजबुज राहिली.

आजाराचं नाव पेरिफेरल आर्टरी डिसीज, म्हणजे पायाकडे जाणारी रक्तवाहिनी आतून अरुंद होणं. मला जो त्रास होत होता त्याला इंटरमिटंट क्लॉडिकेशन म्हणतात. ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळून येते आणि उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत सुटते. पुन्हा तेवढंच अंतर चाललं की पुन्हा तेच. ज्यांना हे होत असेल आणि जे वात समजून पोटरीला तेल चोळत असतील, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी सात महिने तेल चोळलं.

माझं वय सत्तावन्न. रत्नागिरीत मोजणी खात्यात नोकरी, निवृत्तीला जेमतेम वर्ष बाकी. एकोणतीस वर्षं रोज दहा-अकरा सिगारेटी. डॉक्टरांनी त्या दिवशीपासून बंद सांगितल्या आणि मी बंद केल्या. त्या लढाईबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे.

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. एक रक्त पातळ राहण्यासाठी, एक कोलेस्टेरॉलची. आणि म्हणाल्या, "खरं औषध चालणं. पोटरी चांगली दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं गेलं की पुन्हा चाला. असं रोज पाऊण तास. बारा आठवड्यांनी बघू. अंतर वाढलं तर उत्तम. नाही वाढलं तर कोल्हापूरला येऊन अँजिओप्लास्टी करू." म्हणजे वाहिनीत फुगा घालून ती रुंद करायची. त्या स्वतः कोल्हापूरहून दर दुसऱ्या शनिवारी रत्नागिरीत येत. "त्या वेळी सोबत कोणीतरी लागेल. घरी कोण आहे?"

"पत्नी आहे," मी म्हटलं. ते अर्धंच खरं होतं.

वासंती, माझी पत्नी, पनवेलला लेकीकडे होती. लेकीला जुळी झाली होती, दिवस भरायच्या आधी. आठ महिन्यांची झाली तरी अंगाने लहानच होती. लेकीची रजा संपली होती. वासंती परत आली असती तर लेकीला नोकरी सोडावी लागली असती. म्हणून मी ठरवलं, अंतर वाढवायचं आणि कोणाला काही सांगायचं नाही. वाढलं तर सांगायची गरज नाही. न वाढलं तर वासंतीला बोलवावं लागेल, आणि ते मला नको होतं.

ट्रेडमिलवर पहिल्या दिवशी मी एकशे चाळीस मीटर चाललो होतो. वहीच्या पहिल्या ओळीत तो आकडा आहे.

आमच्याकडे रस्त्यात उभ्या असलेल्या माणसाला विचारल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. कुठे निघालात, कोणाची वाट बघताय, बरं आहे ना? दर दोनशे मीटरवर उभ्या राहणाऱ्या माणसाची काय गत होत असेल, बघा. आठ दिवसांत मी युक्ती काढली. हातात कापडी पिशवी घ्यायची आणि थांबलं की तिच्यात बघायचं. पिशवीत बघणाऱ्या माणसाला लोक सोडून देतात, काहीतरी आणायचं विसरला असेल म्हणून. फक्त मासळीवाल्या एका बाईने मला पकडलं. मी रोज तिच्या पाटीसमोर थांबत असे. "काय वो, रोज हितं उभं ऱ्हाता, पिशवीत बघता नि घेत काय नाय. पिशवीला भोक पडलाय काय?" दुसऱ्या दिवसापासून मी दहा पावलं अलीकडे थांबायला लागलो.

पूर्वी आम्ही चौघे सकाळी फिरायला जायचो. त्यातला मधू माझा शाळेपासूनचा मित्र, आता निवृत्त शिक्षक. चौघांत एकाने थांबायचं म्हणजे चौघांनी थांबायचं आणि कारण सांगायचं. मी जाणं बंद केलं. मधूला सांगितलं, ऑफिसात काम वाढलंय, वेळ जमत नाही. त्याने दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा केला नाही.

तेव्हाचे दिवस सगळे सारखे आहेत. एका माणसाचा भात कुकरमध्ये नीट होत नाही, खाली लागतो किंवा गिचका होतो. संध्याकाळी वासंतीचा फोन यायचा. मागे एक पोर रडत असायचं, कधी दोन्ही. "जेवणात काय केलंत?" मी सांगायचो. "तब्येत?" बरी आहे. मग ती बाळांची वजनं सांगायची, ती मी लिहून घ्यायचो. फोन ठेवल्यावर त्याच वहीत त्या दिवशी न थांबता चाललेलं अंतर लिहायचो. एकशे ऐंशी. दोनशे चाळीस. तीनशे दहा. आकडा वाढला की माणसाला कोणाला तरी सांगावंसं वाटतं. मी वही मिटून ठेवायचो.

बाराव्या आठवड्याला वहीत आकडा होता नऊशे. मी तक्ता करून नेला. डॉक्टरांनी तो बघितला आणि मला ट्रेडमिलवर चढवलं. दोनशे दहा मीटरला पोटरीने मला थांबवलं.

त्यांनी तक्ता पुन्हा बघितला. "रोज कुठे चालता?"

"घरापासून मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत."

"आणि परत?"

"परत रिक्षाने. ऑफिसला उशीर होतो."

त्या मूळच्या रत्नागिरीच्या नव्हत्या, पण एवढं शहर त्यांनी बघितलं होतं. "काका, तुमचं घर वर आहे ना? मग हा सगळा उतार आहे. उतारावर पोटरीला काम किती पडतं?"

मोजणीत आम्ही उतार धरत नाही. जमीन कशीही चढो-उतरो, नकाशावर सपाट अंतर येतं. डोंगराची मोजणी असली तरी मोजणीची साखळी आडवी धरायची आणि चढ वजा करायचा, हे मी चौतीस वर्षं केलं आहे, नव्या पोरांना शिकवलं आहे. पायाचीही मोजणी तशीच केली. बारा आठवडे मी स्वतःला उताराने खाली सोडत होतो आणि त्याला सुधारणा म्हणत होतो.

"आकडे बरोबर आहेत तुमचे," डॉक्टर म्हणाल्या. "पायाला ते लागू नाहीत. आणखी सहा आठवडे देते. सपाटीवर आणि चढावर चाला. त्यानंतर मात्र निर्णय घ्यायचा. घरच्यांना कल्पना द्या."

मी मान हलवली. कल्पना दिली नाही.

घरामागच्या सपाटीवर एका शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायला लागलो. तिथे पाहणारं कोणी नसे. पहिल्या दिवशी एकशे नव्वद. चौथ्या आठवड्याअखेर पाचशे. हे पाचशे खरे होते, पण आता माझा माझ्या आकड्यांवर विश्वास राहिला नव्हता. दुसऱ्या कोणीतरी मोजायला हवं होतं.

त्याच आठवड्यात मधूने मोबाइलवर एक पत्रक पाठवलं. नुसतं पत्रक, खाली एक शब्द नाही. शहरातल्या एका मंडळाची जलद चालण्याची स्पर्धा, पन्नाशीपुढच्यांसाठी तीन किलोमीटर. दीड किलोमीटर जायचं, वळून परत यायचं. अंतर टेपने मोजलेलं. वेळ पन्नास मिनिटं. त्यानंतर येणाऱ्याची नोंद नाही. मी आयुष्यात कुठल्याही शर्यतीत उतरलो नव्हतो, शाळेच्या पोत्याच्या शर्यतीतसुद्धा. हिशेब केला. पाचशे मीटरला एक थांबा धरला तर पाच थांबे. बसतं. नाव दिलं.

रविवारी सकाळी छातीवर एकशे सतरा नंबर लावून उभा राहिलो. एक निवृत्त पीटी मास्तर पंच होते. त्यांनी नियम सांगितले. एक पाऊल कायम जमिनीला टेकलेलं हवं. दोन्ही सुटली की ते धावणं. दोनदा ताकीद, तिसऱ्यांदा बाद. मी पुढे जाऊन विचारलं, "थांबलं तर चालेल का?"

"थांबायला?" त्यांनी थोडा विचार केला. बहुधा हे आधी कोणी विचारलं नसावं. "थांबायला बंदी नाही. धावायला आहे."

मधू, बाळ्या आणि आमच्या चौघांतला तिसरा पुढच्या रांगेत होते. मधूने मान वळवून बघितलं आणि परत पुढे केली. शिट्टी झाली. मी ठरवलं होतं आपल्या वेगाने जायचं, आणि पहिल्याच मिनिटाला ते मोडलं. मधूची पाठ दिसत होती. ती दिसत राहावी म्हणून मी नेहमीपेक्षा जोरात चाललो. चारशे मीटरला पोटरी धरायला लागली, साडेचारशेला आवळली. एका चौकात, ऐन रस्त्यात, मला थांबावं लागलं. सगळे बाजूने निघून गेले. दोन मिनिटांत त्या रस्त्यावर नंबर लावलेला माणूस मी एकटाच उरलो.

हातात पिशवी नव्हती. दोन्ही बाजूंना लोक होते, गॅलरीत बायका होत्या. चौकात होमगार्डच्या एक बाई गाड्या अडवत होत्या, त्या जवळ आल्या. "काय झालं? चक्कर येते?"

तिथे दुसरं काही सांगण्यासारखं सुचलं नाही. "चक्कर नाही. डाव्या पायाची रक्तवाहिनी अरुंद झाली आहे. थोडं चाललं की पाय धरतो. दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की सुटतो."

डॉक्टरांखेरीज कोणाला तरी मी हे पहिल्यांदाच सांगत होतो.

"बसा मग, खुर्ची देते."

"नको. उभ्यानेच जातं."

त्यांनी एका स्कूटरला शिट्टी मारून मागे घेतलं. "माझ्या सासऱ्यांचं असंच व्हायचं. त्यांनी कोणाला सांगितलंच नाही. अंगठा काळा पडला तेव्हा आम्हाला कळलं. तोवर उशीर झाला होता." मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "तुम्ही सांगता ते बरं आहे. घरी माहीत आहे ना?"

मी चालायला लागलो. पाय सुटला होता.

वळायच्या खुणेच्या आधी मधू समोरून परत येताना दिसला. "काय रे, चप्पल तुटली काय तुझी?" तो न थांबता ओरडला.

"बुटात आहे मी. नंतर सांगतो."

एकूण सहा थांबे झाले, ठरवल्यापेक्षा एक जास्त. परतीच्या लहानशा चढावर दोन. शेवटचा थांबा घेतला तेव्हा समोर मांडव दिसत होता आणि तिथे खुर्च्या गोळा करायला सुरुवात झाली होती. पंच मात्र घड्याळ घेऊन उभे होते. अठ्ठेचाळीस मिनिटं वीस सेकंद. शेवटचा नंबर. त्यांनी माझ्यासमोर कागदावर लिहिलं आणि सही केली.

मधू थांबला होता. त्याला सगळं सांगितलं, ०.६४ पासून उतारापर्यंत. त्याने आपल्या छातीवरचा नंबर सोडवला. मग म्हणाला, "मेल्या, चार महिने आम्हाला वाटत होतं आमचं काहीतरी चुकलं. बाळ्या म्हणत होता, त्या निवडणुकीच्या वादावरून तू धरून बसलायस."

मला हे सुचलंच नव्हतं. मी लपवतोय म्हणजे फक्त मी एकटा पडतोय, असा माझा हिशेब होता.

घरी येऊन वासंतीला फोन केला. ती सगळं ऐकून घेत होती. मागे पोरं नेमकी गप्प होती. शेवटी म्हणाली, "मी रोज जेवणाचं विचारत होते आणि तुम्ही रोज मला आमटीचं सांगत होतात." मग फोन ठेवला. दहा मिनिटांनी पुन्हा केला आणि डॉक्टरांचा नंबर मागून घेतला.

पुढच्या तपासणीत ट्रेडमिलवर चारशे साठ मीटर झाले. इंडेक्स ०.६६. मी हिरमुसलो. डॉक्टरांनी समजावलं, अडथळा आहे तिथेच राहतो, पण आजूबाजूच्या लहान वाहिन्या थोड्या वाढतात आणि स्नायू कमी रक्तात काम करायला शिकतो. "कोल्हापूरला यायची गरज नाही सध्या. 'सध्या' हा शब्द लिहून ठेवा." तो लिहिला आहे.

असं दुखत असेल तर तेल चोळत बसू नका, घोट्याचा रक्तदाब मोजून घ्या. बसल्या जागी किंवा झोपेत पाय दुखायला लागला, पायाची जखम भरत नसली, पाय एकाएकी गार किंवा पांढरा पडला, तर तासभरही थांबू नका, इस्पितळात जा. आणि घरच्या एका माणसाला तरी सांगा. मी सांगितलं नाही, कारण सांगितलं तर वासंतीला यावं लागेल असं मी धरून चाललो होतो. ती आलेली नाही. येऊ शकत नाही, पोरं अजून लहान आहेत. घर तसंच आहे, भात अजून खाली लागतो.

पण आता संध्याकाळी फोन आला की ती जेवणाचं विचारत नाही. "आज किती?" एवढंच विचारते. मी सांगतो. ती लगेच विचारते, "सपाटीवर की चढावर?"