पिकअपमधला नवा टेप

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या पिकअपमधल्या टेपचा आवाज बसलाय अशी त्यांची तक्रार होती. रविवारी मीच डॅशबोर्ड उघडला, रंग बघून वायरी जोडल्या आणि नवा टेप बसवला. गाणं खणखणीत लागलं.

शेजारी बसलेले अण्णा म्हणाले, "वाढव की जरा."

मी वाढवला. खिडकीची काच थरथरायला लागली.

"हाही तसलाच निघाला," ते म्हणाले.

माणसाचे कान इतके हळूहळू जात असतील, की त्याला जगाचाच आवाज बसल्यासारखा वाटत असेल. अन् याच गाडीतून अण्णा रोज टोमॅटो घेऊन घाट उतरतात, मागच्या गाड्या हॉर्न देत असतात.

मी गाणं बंद केलं. "अण्णा, उद्या मीही येतो बाजाराला."

ते समोर बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मी तेच पुन्हा म्हणालो.