बाबांची दारू

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, पाळकांजवळ नाही. प्रार्थनेतही या गोष्टीच्या आसपास फिरतो आणि परत येतो. तुम्हाला सांगायला बसलोय खरा – पण सुरुवात कुठून करू?

नव्वदच्या सुमारास वर्ध्याला आमच्या चर्चने तरुणांसाठी नेतृत्वाचं प्रशिक्षण सुरू केलं. एका सतरंजीवर मावू एवढेच आम्ही. सभेत बोलावं कसं, गट सांभाळावा कसा, ते शिकायचं. पण आधी प्रत्येकाने साक्ष द्यायची – देवाने आपलं आयुष्य कसं बदललं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. एकाचा जुगार सुटला होता. एक मुलगी विहिरीच्या काठावरून परतली होती. मग माझी पाळी आली.

काय सांगणार होतो मी? आमच्या घरात बदलण्यासारखं काही नव्हतंच. बाबा एसटीत ड्रायव्हर. सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाही. ड्यूटीवरून आले की हातपाय धुऊन आईजवळ प्रार्थनेला बसायचे. एवढंच.

मी म्हणालो – माझे बाबा दारू प्यायचे. आईला मारायचे. मी प्रार्थना केली आणि त्यांची सुटली.

ती विहिरीवरून परतलेली मुलगी रडू लागली. माझ्याकडे तोवर असं कोणी पाहिलं नव्हतं.

पुढे प्रशिक्षण वाढत गेलं. आर्वी, हिंगणघाट, कारंजा – आम्ही शिकवलेले दुसऱ्यांना शिकवू लागले. सतरंजीच्या जागी मंडप आले. मी प्रमुख झालो. प्रत्येक शिबिर माझ्या साक्षीनेच उघडायचं. थांबता आलं नसतं का? आलं असतं. दर वेळी आलं असतं.

कारंजाच्या शिबिरात मी बोलत होतो, तेव्हा बाबा मंडपाच्या दाराशी दिसले. अंगावर खाकी, हातात आईने दिलेला डबा. त्यांची गाडी स्टँडवर थांबली होती, म्हणून आले होते. मी त्यांना पाहिलं – आणि बोलत राहिलो. आईला मारल्याचं सांगायचं होतं, तेही सांगितलं.

नंतर एक बाई त्यांच्याजवळ गेली. "तुम्हीच न सरांचे बाबा? आता सुटली न पुरी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो बाई. सुटली."

डबा माझ्या हातात दिला. स्टँडकडे जाता जाता एवढंच बोलले, "तुह्या मायले नको सांगजो हे."

पण गोष्ट डेपोपर्यंत गेलीच. गाडी देण्याआधी त्यांच्या तोंडाचा वास घेऊ लागले – इतकी वर्षं एक ठोकर न लागू देता गाडी चालवलेल्या माणसाच्या. हे मला त्यांच्या कंडक्टरने सांगितलं. बाबांनी नाही. रिटायर होईपर्यंत ते रोज तोंड उघडून दाखवत राहिले, आणि मी रविवारी त्यांच्या शेजारी बसून गाणी म्हणत राहिलो.

बाबा गेले, तेव्हा मी घडवलेली कितीतरी तरुण मुलं दफनाला आली. त्यांच्यातलाच एक आता पाळक झाला होता. तो मोठ्या मायेने बोलला – देवाने या माणसाला दारूतून कसं सोडवलं, आणि त्यातून आमचं काम कसं उभं राहिलं.

आईने माझा हात धरला. "हे काऊन असं बोलून राह्यले रे? सांग न त्याईले."

मी खाली पाहिलं.

तेव्हा तीच बोलली, हळू आवाजात. "ते पेत नव्हते जी. कधीच नाई."

बाजूच्या बायांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. नवऱ्याचं झाकते बिचारी – असंच त्यांच्या नजरेत होतं. आई एकेकीच्या तोंडाकडे पाहत राहिली. पाळकाने प्रार्थना संपवली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं.