पियानोवाल्या वहिनींचा सत्कार

आमच्या पियानोवाल्या वहिनींइतका सन्मान अख्ख्या नगरात कुणाला मिळाला नसेल, आणि इतकं वायाही कुणी गेलं नसेल. हे मी चिडून लिहितो आहे, आणि ती चीड बरीचशी स्वतःवरच आहे. वहिनी मूळच्या हंगेरीच्या. माझा मित्र बुडापेस्टला इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि डिग्रीबरोबर वहिनींना आणि त्यांच्या उभ्या काळ्या पियानोला घेऊन केडगावला परतला. तिकडे त्या मैफली करत. एकट्या स्टेजवर बसायच्या आणि समोरची माणसं खोकलासुद्धा दाबून ऐकायची. इकडे एका शाळेनं त्यांना संगीतशिक्षिका म्हणून नेमलं आणि अठ्ठावीस वर्षं पेटीवर पाहुण्यांची स्वागतगीतं वाजवायला लावली. शाळेच्या मते हा त्यांचा मोठाच बहुमान होता.

वहिनी मराठी शिकल्या त्या सासूबाईंकडून, आणि सासूबाई शिंगणापूरकडच्या. त्यामुळे निळ्या डोळ्यांच्या या बाई बाजारात मिरची नाकाशी धरून "ही लई शिळी हाय, बदला" असं ठणकावत, तेव्हा भाजीवाला आधी हादरायचा आणि मग मुकाट्यानं बदलून द्यायचा. रोज सकाळी सहा ते नऊ रियाज. तोसुद्धा एकच तुकडा चाळीस वेळा, म्हणजे शेजाऱ्यांना वाटायचं, बाईंना पुढचं येत नाही. उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून त्या पियानोच्या पोटात पाण्याची बरणी ठेवत. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं, आणि आलं की पहिली बरणी पियानोची. सासूबाई सगळ्यांना सांगत, "आदी त्या पेटाऱ्याला पाजती, मंग आमाला चा." पण याच सासूबाईंनी एका खंडेनवमीला पियानोची यथासांग पूजा केली. हळदकुंकू पट्ट्यांच्या फटींत गेलं. वहिनी आठ दिवस दात घासायच्या ब्रशनं एकेक पट्टी साफ करत होत्या.

बाकी नगरकर वहिनींना भेटले की एकच फर्माईश करत, एखादं सिनेमाचं गाणं होऊन जाऊ द्या. वहिनी ते वाजवत. लोक त्यावर गप्पा मारत, चिवडा खात. एकदा त्यांच्याच घरी डोहाळजेवणात कुणीतरी पियानोवर चहाचा ट्रे ठेवला, तेवढ्यापुरत्या त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊ, तुमची मान्सं लई चांगली हायेत. फकस्त ऐकत न्हाईत."

मग संधिवातानं त्यांची बोटं धरली. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभरात ती पुरती उघडायचीसुद्धा नाहीत. वहिनी त्याच संध्याकाळी माझ्याकडे आल्या. मी आमच्या सांस्कृतिक मंडळाचा सचिव. म्हणाल्या, "एक तीन भागांचं संगीत हाय. चाळीस मिनिटं. लोकांसमोर एकदा पुरं वाजवायचं. दुसरं काय नको." मी छाती ठोकून हो म्हणालो. तीन महिने त्यांनी शेक घेत, गोळ्या खात तयारी केली. पियानो टेम्पोत चढला तेव्हा वहिनी मागे त्याला धरून उभ्या राहिल्या आणि केडगावपासून नगरच्या सभागृहापर्यंत तशाच आल्या.

आता त्या संध्याकाळचा कार्यक्रम मी कसा आखला होता ते ऐका. एवढी मोठी कलावंत, तिला नुसतं वाजवायला कसं लावायचं? दीपप्रज्वलन झालं. प्रास्ताविक झालं. सात संस्थांना सत्कार करायचा होता, कुणाला नाही म्हणणार? सात शाली, सात नारळ. प्रमुख पाहुणे सव्वा तास उशिरा आले आणि नगरच्या रस्त्यांवर बोलले. वहिनींचा जीवनपट उलगडायला मी स्वतः पंचवीस मिनिटं घेतली आणि टाळ्याही घेतल्या. वहिनी शाल पांघरायला उठत होत्या, बसत होत्या, आणि मांडीवर बोटं चोळत होत्या. ते मला स्टेजवरून दिसत होतं.

त्या वाजवायला बसल्या तेव्हा सभागृह सोडायला वीस मिनिटं उरली होती. पुढे तिथे साखरपुडा होता, खुर्च्यांची कव्हरं घेऊन माणसं दारात उभी. पहिला भाग संपला. वहिनींनी हात मांडीवर ठेवले, दम घेतला. लोकांना वाटलं झालं, टाळ्या पडल्या. पाहुणे उठले. मला ठाऊक होतं की अजून दोन भाग आहेत. वहिनींखेरीज स्टेजवर ते ठाऊक असलेला मी एकटाच होतो. तरीही पाहुण्यांना ताटकळत कसं ठेवायचं म्हणून मी माईक घेतला आणि आभार मानले. मग वहिनींनाच राष्ट्रगीत वाजवायची विनंती केली. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते अगदी नीट वाजवलं. सगळं सभागृह स्तब्ध उभं होतं. त्यानंतर कोण खाली बसणार?

दुसऱ्या दिवशी पेपरात सातही शालींसह फोटो आला. मंडळानं माझं अभिनंदन केलं. ती बोटं दिवाळीपर्यंत मिटली, आता त्यांना कपही दोन्ही हातांनी धरावा लागतो. वहिनी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, त्याचाही मला राग येतो. गेल्या रविवारी मात्र राहवलं नाही, म्हणून विचारलं, "वहिनी, पुढचे दोन भाग कसे होते?" त्यांनी थोडा विचार केला. माझ्यासाठी सोपे शब्द शोधत असाव्यात.

"दुसरा हळू हाय," त्या म्हणाल्या. "भाऊ, तुमाला आवडला आसता."