ह्यांनी गाळलेली दोन पानं

किमो चालू होती आणि मला फोडणीचा वास सहन होत नव्हता.

म्हणून त्या सकाळी वरण-भाताचा कुकर ह्यांनीच लावला. मी टेबलाशी बसून ड्रायरमधले टॉवेल घडी करत होते. बाहेर ड्राइव्हवेवर बर्फ. मिनेसोटात तो असतोच.

गॅस बंद करून हे पुस्तक घेऊन समोर बसले. रोजच बसायचे.

आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या एका फारसी कवीची मोठी प्रेमकथा. पुस्तक इंग्रजीत. हे वाचायचे आणि मला मराठीत सांगायचे. माझं शिक्षण दहावीपर्यंत. इंग्रजी मी इथे येऊन, मुलीच्या शाळेच्या नोटिसा वाचत शिकले.

ह्यांच्या तोंडी राजकन्या थेट साताऱ्याची व्हायची.

"ती म्हणते, यायचं तर ये, नाहीतर राहिलं."

"असं लिहिलंय?"

"अगं, भावार्थ!"

तो कवी आपलं गाव सोडून फारसा कुठे गेलाच नाही. घरी बसून प्रेमकथा लिहिल्या. पण लिहायचं राजांसाठी, म्हणून मध्येमध्ये राजाची स्तुती.

मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "अहो, ते राजाचं सोडा. कंटाळा येतो."

तेव्हापासून राजा आला की हे पान उलटायचे.

त्या सकाळी कथेतली नायिका मेली. ह्यांनी पुढचं मनातल्या मनात वाचलं आणि दोन पानं एकदम उलटली.

"काय होतं?"

"काही नाही. राजाची स्तुती."

"ती मेली तरी? काय बाई हा कवी!"

मी हसले. हे हसले नाहीत. उठून कुकर बघायला गेले. तो कधीच झाला होता.

मी बरी झाले.

हे गेले. मागच्या वर्षी, आजच्याच दिवशी, हातात चहा असताना. हार्ट.

"स्ट्राँग राहा, काकू," सगळे म्हणतात. मी दमलेय. रडून नाही. बर्फ, टॅक्सचे कागद, स्मोक अलार्मची बॅटरी, दोघांचं घर एकटीने चालवून.

गेल्या महिन्यात ते पुस्तक काढलं. शेजारी डिक्शनरी.

मुलगी सई म्हणाली, "आई, ऑनलाइन समरी वाच ना. इट्स सो लाँग."

म्हटलं, "नको. मला राजाची स्तुतीसुद्धा वाचायचीय."

एका मंगळवारी त्या दोन पानांवर आले.

तिथे राजा नव्हता. कवीची स्वतःची बायको होती. तरुणपणीच गेलेली. नायिकेचं मरण लिहिताना त्याला ती आठवली, आणि त्याने तिथेच तसं लिहून टाकलं.

आधी राग आला. मला न विचारता गाळलं म्हणून.

मग डोळ्यांसमोर आलं, की माझ्या डोक्याला रुमाल, हातात टॉवेल, आणि समोर हे. ती पानं ह्यांनी माझ्यासमोर बसून एकट्याने वाचली. कोणाला सांगितलं नाही.

खाली बारीक अक्षरात एक टीप होती. ती गेल्यावरही कवी बरीच वर्षं जगला. आणखी पुस्तकं लिहिली. मी ती टीप दोनदा वाचली.

अहो, मला सांगायचं होतंत. मी ऐकलं असतं.

आता शांत राहा. इथलं मी बघते.

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत गेले, माझ्या नावाचं कार्ड काढलं आणि त्या कवीचं पुढचं पुस्तक मागवलं.