शेवटचं पान वाळत नाही

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. अंगणवाडीत कुणी लेकराची दृष्ट काढत बसलं की मीच त्या आईला दवाखान्यात पिटाळते. या सदरातले अनुभव तर मी जेवताना करमणूक म्हणून वाचायचे. आता स्वतःच लिहायला बसलेय... हसायचं असेल तर खुशाल हसा.

आम्ही सेलू तालुक्यात, वालूरला राहतो. मालकांचं किराणा दुकान, मी अंगणवाडी सेविका. गौरी ही आमची एकुलती एक मुलगी, सात वर्षांची. तिच्या काळजाला जन्मापासून छिद्र होतं. ऑपरेशन करू, पण आधी वजन वाढू द्या, असं संभाजीनगरचे डॉक्टर म्हणाले होते. वजन काही वाढलं नाही.

शाळेत जाणं होईना, म्हणून आम्ही दोघींनी घरीच एक पुस्तक करायला घेतलं. अंगणवाडीसाठी मी अशी पुस्तकं नेहमी करते. जाड ड्रॉइंग पेपर परभणीहून आणायचे, चार कागद मधोमध दुमडले की सोळा पानं होतात. घडीवर दाभणाने भोकं पाडून शिवायचं, पुठ्ठ्यावर खळीने खणाचं कापड चिकटवायचं. त्याआधी साध्या वहीच्या कागदाची एक कच्ची प्रत करायची – कुठल्या पानावर काय येणार ते ठरवायला. गोष्ट गौरीची, चित्रं माझी.

गोष्ट अशी की एका गाढवाला गंगा बघायची असते. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. तर ते एसटीत बसून गंगाखेडला निघतं. हाफ तिकीट द्यायचं का फुल, यावर कंडक्टर अडून बसतो. गाढव खिडकीतून कान बाहेर काढतं आणि सगळी बस त्याला ओरडते. मी चित्र काढलं की बाईसाहेब तपासायच्या. "आई, गाढव हसायलंय असं काढ ना. हे तर रडायलंय."

पंधरा पानं झाली. गाढव गंगेच्या काठावर पोचलं. मी विचारलं, मग ते घरी परत येतं का गं? म्हणाली, "उद्या सांगते. आज लय दमले."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात मयताला आडवं ठेवत नाहीत, आंघोळ घालून, विभूती लावून भिंतीशी बसवतात. जाळत नाहीत, मातीत समाधी देतात तीही बसवूनच. गौरी नवा फ्रॉक घालून भिंतीला टेकून बसलेली, आणि सोनपेठहून माझी नणंद मंगल यायची म्हणून सगळे थांबलेले. मी उठले, रंग काढले आणि तिच्याशेजारी बसून सोळावं पान रंगवायला घेतलं. गाढव परत आलंय, वालूरच्या स्टँडवर उतरायलंय. मला दुसरा शेवट सुचेचना.

मंगल दारातून आत आली आणि तशीच उभी राहिली. "वहिनी, काय करायलात तुमी हे? लोकं बगायलेत."

"बघू द्या. तिचं पुस्तक अर्धं राहिलंय," मी म्हणाले.

बसलेल्या लेकराला मांडी असते. त्या मांडीवर पुस्तक ठेवावं असं मनात आलं. विधीला आलेल्या स्वामींना विचारलं. "ठेवा माय," ते म्हणाले, "हातात इष्टलिंग हाय, मांडीवर पुस्तक असू द्या." मी पुस्तक मिटून ठेवलं. शेवटचं पान तेव्हा ओलं होतं, आणि मला ते माहीत होतं. ओलं चित्र मिटलं की चिकटतं, हे मी रोज पोरांना ओरडून सांगते. दहा मिनिटं थांबा, एवढंच म्हणायचं होतं... तेवढ्यात त्यांनी तिला उचललं.

पुढे चार महिने मी ब्रशला हात लावला नाही. उन्हाळ्यात कपाट आवरताना कच्ची प्रत सापडली. वाटलं, घरात तिचं काहीतरी असावं. त्या प्रतीवरून तसंच दुसरं पुस्तक करायला बसले. परभणीचं ऊन काय असतं ते इथल्यांना सांगायला नको. पंधरा पानं रंगवता रंगवता वाळली.

सोळावं वाळलं नाही. संध्याकाळी बोट लावलं तर बोटाला करडा रंग. दुसऱ्या दिवशी तेच. आठ दिवसांनीही तेच!

मालक म्हणाले, रंग खराब असंल. पण तीच बाटली, तोच करडा रंग, आधीच्या पानांवरचं गाढव खडखडीत कोरडं. मी ते पान उसवून टाकलं. नवे रंग, नवा कागद आणला. शेवटही बदलला, गाढव गंगेकाठीच राहू दिलं. म्हटलं, तिला तसंच हवं असेल. तेही ओलंच राहिलं.

तेव्हा मंगल कुरडया करायला आली होती. मालकांनी ते पान नेऊन कुरडयांच्या शेजारी पत्र्यावर ठेवलं. तीन दिवस. कुरडया कडक वाळल्या. मंगलने पान खाली आणलं, बोट लावलं, पदराला पुसलं. पदरावर डाग पडला. ती तिथंच पायरीवर बसली.

"वहिनी, हे त्या दिवशीचं पान हाय का?"

"नाही. ते तिच्याजवळ आहे."

मालक तर मी पान काढलं की उठून दुकानात जातात. समाधी दिली की माणूस शिवात मिळालं असं आमच्यात म्हणतात. मी लहानपणापासून तेच ऐकत आले, मानत आले. मग मांडीवर पुस्तक घेऊन अजून कोण बसलंय? मला कुणीतरी हे सांगा.

परभणीच्या रंगवाल्याला विचारलं, असं होऊच शकत नाही म्हणाला. कुणी म्हणालं जाळा, कुणी म्हणालं गंगेत सोडा. मी दोन्ही केलं नाही. आज हे लिहायच्या आधीही बोट लावून पाहिलं, ओलं आहे. का, ते मला कळलेलं नाही आणि आता कळेल असं वाटतही नाही.

सुरुवातीला मी देवापुढे हात जोडायचे, एकदाचं वाळू दे म्हणून. आता रोज सकाळी बोट पुढे नेताना मला भीती वाटते, की ते कोरडं येईल.