काय ऐकलंस ते सांग

ट्रॅक सुरू झाला की काकू खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायच्या. आमच्याकडे पाठ. संपेपर्यंत मान हलायची नाही की पाय हलायचा नाही. संपला की पाठमोऱ्याच म्हणायच्या, "परत लाव."

दुसऱ्यांदा ऐकून झाल्याशिवाय त्या तोंड उघडत नसत आणि आम्हालाही उघडू देत नसत. भिंतीकडे का बघता, असं मी एकदा भीतभीत विचारलं होतं. म्हणाल्या, "तुझं तोंड बघितलं की तुला बरं वाटेल असं काहीतरी बोलून जाईन मी. त्यापेक्षा भिंत बरी."

बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात त्यांचा फ्लॅट होता. रविवारी दुपारी बाहेरच्या खोलीत आम्ही जमायचो. अंबरनाथचा मंदार, बँकेत नोकरीला. उल्हासनगर कॅम्प दोनमधला जितू, त्याच्या वडिलांचं स्पीकर आणि वायरींचं दुकान. आणि मी. तिघंही फोनवर नाहीतर कॉम्प्युटरवर संगीत बनवणारे. गाता येत नाही, वाद्य येत नाही, पण डोक्यात काहीतरी वाजत असतं आणि ते बाहेर काढल्याशिवाय चैन पडत नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आम्ही तशातले. काकूही तशातल्याच, फक्त साठीच्या पुढच्या, सुती साडीतल्या, आणि पाहुण्यांना आधी पोहे खायला घालणाऱ्या.

आयुष्यभर त्यांनी अंबरनाथला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात काम केलं. पत्रा दाबायच्या मशीनवर. नवरा लवकर गेला, एक मुलगा, तो शिकला आणि मस्कतला नोकरीला गेला. जाताना त्याचा कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि दाबली की आवाज निघणाऱ्या बटणांची एक पेटी मागे राहिली. "धूळ पुसत होते," काकू सांगायच्या, "फडकं बटणावर पडलं आणि घरात कोणीतरी बोलल्यासारखं झालं. मग रोज पुसायला लागले."

मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. गावातल्या एकाच्या ओळखीने कॅम्प दोनमध्ये जीन्स शिवणाऱ्या कारखान्यात लागलो. दिवसभर मशीन, आणि कानात इयरफोन. एकदा ते बिघडले म्हणून जितूच्या दुकानात गेलो. तपासून बघायला त्याने ते माझ्या फोनला लावले, तर त्यात मी बनवलेलं वाजायला लागलं. त्याने काढून ठेवले नाहीत. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "तू संडे को काकू के यहाँ चल. मारती नहीं है वो."

मला मारण्याचीच भीती वाटत होती असं नाही. त्याआधी फोनवरच्या एका ग्रुपमध्ये मी माझे दोन-तीन ट्रॅक टाकले होते. कोणी शाबासकीचं म्हणून जाळाचं चित्र टाकलं, कोणी लिहिलं "कचरा". जाळ बघून मी खूश झालो आणि कचरा वाचून जेवलो नाही. पण दोन्हीतून उद्या काय करायचं ते काही कळलं नाही. शिकलेली मुलं इंग्रजीत काय काय लिहायची. मी ते वाचून फोन उलटा ठेवायचो.

पहिल्या रविवारी जितूने बेल दाबलीच नाही. सरळ दारावर थाप मारली. आतून आवाज आला, "बेल बिघडलीय रे, थांब आले." जितू माझ्या कानाशी म्हणाला, "दो बार बदली कर के दी मैंने. फिर भी बिगडी है बोलती है."

माझा ट्रॅक दोनदा वाजला. मंदार म्हणाला, "छान आहे."

काकू वळल्या. "या घरात छान चालत नाही, माहीत आहे ना तुला? काय ऐकलंस ते सांग. आवडलं, नाही आवडलं ते तुझ्याजवळ ठेव."

मग त्यांनी स्वतः सांगितलं. "सुरुवातीला ढोल आहे. लांबून येतो. मग एकटाच एक सूर येतो, मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार. तेवढ्यात तू त्याच्या अंगावर चार आवाज आणून टाकलेस. पुढे जिथे जिथे जागा मोकळी झाली तिथे तिथे तू काहीतरी ठेवलंस. कोणाला भितोस?"

माझ्या खोलीत सहा जण झोपायचे, मोकळी जागा म्हणून कुठे नव्हती. मोकळ्या जागेत माणूस दिसतो, ओळखला जातो, त्याला परत गावी पाठवतात, असं काहीतरी माझ्या मनात तेव्हा सतत असायचं. हे या बाईला ढोलावरून कसं कळलं?

"ते चार आवाज काढून बघ," त्या म्हणाल्या. "वाईट वाटलं तर परत घाल. पोहे घे."

मी काढले. वाईट वाटलं नाही. आजवर मला कोणी काही शिकवलं असेल तर ते एवढंच, आणि मी त्यावरच जगतोय.

दर वेळी त्या मला विचारायच्या, "आईला पाठवलंस का?" मी टाळायचो. शेवटी एकदा ट्रॅक पाठवला. आईचा फोन आला, "आला बाबा आवाज." मी काकूंना हे हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग बरोबर सांगितलं की तिने."

त्या वर्षी काकू स्वतःचं एक बनवत होत्या. आम्हाला ऐकवत नव्हत्या. मुलाला पाठवायचं होतं. आई त्याच्या पेटीशी काय करते ते त्याला अजून माहीत नव्हतं. तो दर आठवड्याला फोन करायचा, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, एवढंच व्हायचं. "फोनवर मला नीट बोलता येत नाही," काकू म्हणायच्या. "म्हणून हे."

एका रविवारी त्या म्हणाल्या, "झालंय. तुम्ही ऐका, मग आज संध्याकाळी पाठवते." आणि पहिल्यांदाच त्यांची खुर्ची आमच्याकडे तोंड करून होती.

सुरुवातीला बराच वेळ नुसती खालून येणारी घरघर. मग दूरवर ठक, ठक, पत्रा दाबल्यासारखं. इतकी मोकळी जागा ठेवायची मला हिंमत झाली नसती. आणि मग झांजा आल्या.

कसं सांगू. नवी सुई बोटात जावी तशा त्या कानात गेल्या. जितूने डोळे मिटले. मंदार चहाच्या कपात बघायला लागला. झांजा थांबायच्या, आम्ही श्वास घ्यायचो, त्या परत यायच्या. काकू शांत बसल्या होत्या. चेहऱ्यावर काहीच नाही.

दुसऱ्यांदा लावलं. दुसऱ्यांदाही तसंच.

मंदार म्हणाला, "काकू, एकदम प्रोफेशनल."

जितू म्हणाला, "बेस तो कमाल है काकू." खालची घरघर खरंच कमाल होती, म्हणून त्याने तेवढंच म्हटलं.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "तू बोल. काय ऐकलंस?"

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, मला माहीत नाही. ज्या बाईने मला माणसात बसवलं, तिने काही महिने जपून केलेलं, मुलाला पाठवायला काढलेलं. गप्प बसलो असतो तर ते संध्याकाळी मस्कतला गेलं असतं, आणि मुलाने कानावरून हेडफोन काढून फेकले असते. बोललो तर काय होईल, ते मला तेव्हा अर्धंच कळत होतं. बेल बिघडलीय, ते मला त्याच क्षणी आठवलं.

मी म्हणालो, "खालून घरघर येते. मग पत्रा. मग झांज येते, ती टोचते."

"टोचते म्हणजे?"

"कानात दुखतं काकू."

काकू म्हणाल्या, "मी परत लावते. टोचेल तिथे हात वर कर. थांबलं की खाली घे."

ट्रॅक सुरू झाला. काकू भिंतीकडे वळल्या नाहीत. माझ्या हाताकडे बघत बसल्या. झांज आली, मी हात वर केला. गेली, खाली घेतला. परत आली. परत गेली. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो, पण एकदा बघितलंच. त्या कान देऊन ऐकत होत्या आणि डोळे माझ्या हातावर, आणि मला दिसलं की हात वर होता तेव्हा त्यांना जास्तीचं काहीच ऐकू येत नव्हतं.

संपल्यावर त्या म्हणाल्या, "तिथे तर थोडीशीच आहे झांज. मला वाटलं कमी पडतेय, म्हणून वाढवत गेले."

जितू हळूच म्हणाला, "काकू, बेल चालू है आपकी. पहले से चालू है."

काकूंनी मान हलवली. दाराकडे बघितलं. "मशीनचं असणार," एवढंच म्हणाल्या. "कापूस घालायचो आम्ही कानात. गप्पा मारायच्या असल्या की काढून ठेवायचो." मग आमच्याकडे वळून, "म्हणजे तुमचंही मी अर्धंच ऐकत होते इतके दिवस."

"नाही काकू," मंदार घाईने म्हणाला.

"तू गप. प्रोफेशनल म्हणालास मला." त्याचा कान ओढल्यासारखं केलं त्यांनी. मंदारच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याने चष्मा पुसायला घेतला.

त्यांनी खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "वरचे बारीक आवाज तू बघ. खालचे मी बघते." अंधार पडेपर्यंत आम्ही बसलो. मी झांज उतरवत गेलो, त्या प्रत्येक वेळी विचारत होत्या, "आता?" मी सांगेन ते त्या मानत होत्या. मला इतकं कधी कोणी मानलं नव्हतं. चुकेन की काय, या भीतीने मी एकेक जागा तीन-तीनदा ऐकली.

मुलाला त्याच रात्री गेलं. पुढच्या रविवारी आम्ही विचारलं, काय म्हणाला?

"छान आहे म्हणाला." काकू भांड्यात पोहे परतत होत्या. "मी फोन ठेवून दिला."

"काकू!"

"मग परत लावला मीच. म्हटलं, दोनदा ऐक आणि काय ऐकलंस ते सांग." गॅस बारीक केला. "दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, मी शाळेतून आलोय, बराच वेळ कोणी येतच नाही. अंधार होत जातो. मग जिन्यात पावलं वाजतात, आणि मी दाराची कडी काढतो." एवढं सांगून त्या ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि पोहे खाली लागायला लागले तेव्हा मंदारने पुढे होऊन गॅस बंद केला.

त्यानंतर काकूंनी वरच्या बारीक आवाजांवर बोलणं सोडून दिलं. "मला येत नाही ऐकू, त्यावर मी बोलणार नाही. याला विचारा," असं म्हणून माझ्याकडे बोट करायच्या. नववीत शाळा सुटलेला मी, आणि बँकेतला मंदार मला विचारायचा. कानाचं यंत्र घेतलं त्यांनी, पण ट्रॅक ऐकताना काढून ठेवायच्या. त्यातून सगळं पत्र्यासारखं वाजतं म्हणायच्या.

गेल्या थंडीत काकू गेल्या. हृदयाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेईपर्यंतही वेळ मिळाला नाही. मुलगा मस्कतहून आला. तेराव्याला आम्ही तिघं गेलो. जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "आईचं ते लावू का? तुम्ही सगळे आहात तर." बाहेरच्या खोलीत काकूंच्या बहिणी, जावा, शेजारच्या बायका, लहान मुलं. त्याने आईचा कॉम्प्युटर चालू केला आणि लावलं.

घरघर आली. पत्रा आला. मग झांजा आल्या, आणि माझ्या लक्षात आलं की याने पहिलं लावलंय. आम्ही उतरवण्याआधीचं. काकूंनी तेही ठेवून दिलं होतं, त्याच नावाने, त्याच्याच शेजारी.

एका लहान मुलीने कानांवर हात दाबले. मावशी "अगं बाई" म्हणाली. मुलगा धावत स्पीकरकडे गेला. "काहीतरी बिघडलंय," तो म्हणाला. "हे असं नव्हतं."

"राहू द्या दादा," मी म्हणालो. "बिघडलेलं नाही. त्यांना हे असं बरोबर ऐकू यायचं."

त्याचा हात बटणावर होता. त्याने तो काढून घेतला.

झांजा येत राहिल्या. लहान मुलगी आत पळाली. माझा हात वर गेला होता, ते मला उशिरा कळलं. बाजूला बघितलं तर जितूचाही वर होता. आणि पलीकडे मंदारचा, तोही. झांज थांबली, आम्ही हात खाली घेतले. परत आली, परत वर. मुलगा आमच्या हातांकडे बघत उभा होता.

ट्रॅक संपला. बायका पदर सावरत उठायला लागल्या. त्याने भिंतीजवळची खुर्ची ओढली, तिच्यावर बसला, आमच्याकडे पाठ करून.

"परत लावतो," म्हणाला.